भुऱ्या, ताई आणि फुकटचा सल्ला

सेकंड इयरला असताना ई-सेलच्या बिझनेस प्लॅन स्पर्धेत आमच्या ग्रुपने एक अ‍ॅप मांडलं होतं. कुत्रा पाळणाऱ्यांना घरबसल्या ट्रेनर शोधून देणारं अ‍ॅप. बारा स्लाइड्स, तीन पाय-चार्ट आणि एक लोगो (लोगो खरंच छान होता). परीक्षक सरांनी एकच प्रश्न विचारला, "ग्राहक कुठून येणार?" आमच्या टीम लीडरने क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिलं, "सर, सोशल मीडिया मार्केटिंग!" सरांनी पुढची स्लाइड लावायला सांगितली. पुढची स्लाइड 'थँक यू' होती.

स्पर्धेत आमचं पुढे काय झालं हे सांगण्याची गरज नसावी. पण तो प्रश्न डोक्यात राहिला, आणि त्याचं उत्तर काही महिन्यांनी आमच्याच लेडीज हॉस्टेलच्या गेटवर मिळालं. उत्तर देणारीकडे अ‍ॅप नव्हतं, लोगो नव्हता. एक स्कूटी, खांद्याला अडकवलेली पिशवी आणि शंभर पानी वही, एवढंच.

ज्यांनी २०२५ च्या दिवाळीआधी एलएच पाहिलंय त्यांना भुऱ्या आठवत असेलच. मातकट रंग, डाव्या कानाला नसबंदीची खाच, मेसच्या पोळ्यांवर पोसलेला देह. सबमिशनच्या रात्री रिडिंग रूमच्या पायरीवर झोपायचा, त्यामुळे आमच्यापेक्षा जास्त जर्नल्स त्याने पाहिली होती. त्या वर्षी ऑगस्टमध्ये, नवीन बॅच येऊन जेमतेम आठवडा झाला असताना, एका ज्युनिअरने लाडाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो चावला. तळहातातून रक्त. मेसच्या मावशींनी तिला हाताला धरून नळाखाली उभं केलं आणि कपड्याच्या साबणाने चांगली पंधरा मिनिटं जखम धुतली. आम्ही सगळ्या भावी इंजिनिअर हळद लावावी की मिरची यावर चर्चा करत होतो. बरोबर मावशी होत्या. साबण आणि वाहतं पाणी, मग थेट सरकारी दवाखाना आणि त्याच दिवशी लसीचा पहिला डोस. रेबीज एकदा झाला की त्यावर उपचार नाही, म्हणून कुत्रा धडधाकट दिसत असला तरी वाट पाहायची नसते. तिचे सगळे डोस वेळेवर झाले, ती ठणठणीत आहे.

रात्री कॉमन रूममध्ये मीटिंग बसली. अर्ध्या जणींचं म्हणणं, आत्ताच्या आत्ता महापालिकेची गाडी बोलवा. उरलेल्या अर्ध्या म्हणत होत्या, भुऱ्या असा नाहीच, तिनेच काहीतरी केलं असणार. मी दुसऱ्या गटात होते. आज वाटतं, दोन्ही गटांना कुत्र्याबद्दल काहीही माहिती नव्हती, फक्त आवाज मोठा होता. शेवटी रेक्टर मॅडमनी त्यांच्या ओळखीच्या पशुवैद्य डॉक्टरांना फोन लावला आणि डॉक्टरांनी ताईचं नाव सुचवलं.

दुसऱ्या दिवशी ताई आली. आमच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी असेल. कार्डावर 'श्वान वर्तन सल्लागार' असं छापलेलं. आम्ही आधी हसलो. कुत्र्याला कसला सल्ला? तो ऐकणार आहे का? ताई म्हणाली, "त्याला नाही गं, तुम्हाला. मी त्याला आठवड्यातून एक तास भेटणार. बाकी सगळा वेळ तो तुमच्याबरोबर काढणार ना?"

पहिला तासभर तिने भुऱ्याला हातसुद्धा लावला नाही. वॉचमन काकांच्या खुर्चीवर बसून वहीत लिहीत राहिली. खायला कोण घालतं, कुठे, किती वाजता. गेटमधून गाडी आली की तो कुठे जातो. कोणाला बघून उठतो, कोणाला बघून उठून *दूर* जातो. मग म्हणाली, "हा डोकं सारखं झटकतोय, एकाच बाजूने. आधी डॉक्टर." डॉक्टरांनी पाहिलं तर उजवा कान आतून पुवाने भरलेला. म्हणजे आमची ज्युनिअर लाडाने जिथे हात ठेवायला गेली, तिथेच त्याला ठणकत होतं! शांत कुत्रा अचानक चावरा झाला तर आधी दुखणं शोधायचं, हा ताईचा पहिला नियम. दुखण्यावर ट्रेनिंगचा इलाज नाही.

पण मग तो आधी गुरगुरला का नाही? हा प्रश्न माझा. ताईने तो काकांकडे वळवला. दिवसपाळीचे काका थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "गुरगुरायचा की मॅडम. पण रात्रपाळीवाला काठी घालायचा त्याला. मग बंद झाला." आणि तो बंद झाला म्हणून आम्ही सगळ्या खूश होतो, भुऱ्या किती गुणी झालाय म्हणून!

कुत्रा चावण्याआधी बरंच काही सांगत असतो. तोंड फिरवतो, ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, अंग ताठ करतो, डोळ्याचा पांढरा भाग दाखवतो. हे कुणाला कळलं नाही तर गुरगुरतो. गुरगुरणं म्हणजे वाईट वागणं नाही, शेवटची सूचना आहे. ती मारून बंद केली तर राग जात नाही, फक्त सूचना जाते. इलेक्ट्रिकलवाल्यांना लगेच कळेल: फ्यूज सारखा उडतो म्हणून तिथे जाड तार घालून टाकल्यासारखं.

मला हे पटायला फ्यूजची गरज पडली नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. शाळेच्या आवारात मराठी बोललं की शब्दामागे पाच रुपये दंड. आम्ही मराठी सोडलं का? मुळीच नाही. सिस्टर दिसल्या की गप्प बसायचं, एवढंच शिकलो. सिस्टरना वाटायचं पद्धत यशस्वी झाली. (माझे ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सुधारलेत, त्याचं श्रेय त्या पाच रुपयांना द्यावं.)

रात्रपाळीच्या काकांना दोष देऊन उपयोग नाही. 'त्याला आपण बॉस आहोत हे कळलं पाहिजे' हे तत्त्वज्ञान टीव्हीवर वर्षानुवर्षं दाखवलं गेलं. त्याचं मूळही मजेशीर आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांवर निबंध लिहिला. डेव्हिड मेक या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या १९७० च्या पुस्तकातून 'अल्फा' लांडग्याची कल्पना जगभर गेली. पुढे मेक यांनी स्वतः आर्क्टिकमध्ये मोकळ्या लांडग्यांचं निरीक्षण केलं आणि १९९९ साली लिहिलं की कळप म्हणजे साधं कुटुंब असतं, आई-बाप आणि पिल्लं, तिथे कुणी लढून 'अल्फा' होत नाही. आपलंच पुस्तक छापणं थांबवा असं त्यांनी प्रकाशकाला सांगितलं. इतका प्रामाणिकपणा मी अजून कोणत्याही व्हायव्हात दाखवलेला नाही.

असो. भुऱ्याचा कान बरा होत असताना ताईने आमच्यासाठी नियम केले. मेसच्या मागे एकच जागा, दोन ठराविक वेळा, दोनच जणी खायला घालणार. बोलावल्याशिवाय हात लावायचा नाही, तो आपणहून आला तर छातीकडून खाजवायचं, डोक्यावरून नाही. तोंड फिरवलं की थांबायचं. रात्रपाळीच्या काकांच्या खिशात तिने काठीऐवजी भाजलेल्या चण्यांची पुडी दिली. काका लांबून दिसले की भुऱ्यासमोर एक चणा पडायचा. पहिले दोन दिवस वीस पावलांवरून, मग पंधरा, मग दहा. पावलोव्हचा प्रयोग शाळेत पाठ केला होता, गेटवर पहिल्यांदा चालताना पाहिला. तीन आठवड्यांनी काका आले की भुऱ्याची शेपटी हलू लागली, आणि काकांनीही गेटवर काठी टेकवायची जागा बदलली.

यात मला एक गोष्ट उमगली, ती आमच्या बारा स्लाइड्समध्ये कुठेच नव्हती. आम्ही धरून चाललो होतो की एक कुत्रा, एक मालक, एक ट्रेनर, एक पेमेंट. पण आपल्याकडच्या कुत्र्याला एक मालक असतोच कुठे? भटक्याचं सोडा, फ्लॅटमधल्या लॅब्रॅडॉरलासुद्धा लिफ्टमधली मुलं, झाडूवाल्या मावशी, वॉचमन, समोरच्या घरातली मांजर हे सगळे मिळून वळण लावत असतात किंवा बिघडवत असतात. कोलकात्याच्या आयसरमध्ये अनिंदिता भद्रा यांचा गट रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतो. ही कुत्री अनोळखी माणसाने बोट दाखवलं तर तिकडे जातात, माणसाचे हातवारे वाचतात, असं त्यांना दिसलंय. म्हणजे भुऱ्या आम्हा सगळ्यांना रोज वाचत होता, आम्ही त्याला वाचत नव्हतो. तेव्हा मालकाला एकट्याला शिकवून भागत नाही, आळीला शिकवावं लागतं. या धंद्यात लोकांमध्ये मिसळणं ही जाहिरात नंतर, आधी ते कामच आहे.

ताईचा धंदा कसा वाढला हे मी तिला खोदून खोदून विचारलं (स्पर्धेतला अपमान विसरले नव्हते). सुरुवातीला सहा महिने तिला एकही फोन आला नव्हता. वर्तमानपत्रात पत्रकं टाकून झाली, पैसे गेले. मग ती दर रविवारी सकाळी इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकपाशी उभी राहू लागली. पिल्लू घेऊन या, अर्धा तास, फुकट. पिल्लाच्या आयुष्यातले तीन ते साधारण चौदा आठवडे फार महत्त्वाचे. त्या काळात ज्या माणसांशी, आवाजांशी, वस्तूंशी गोड ओळख होते, त्यांची पुढे भीती वाटत नाही. लोक नेमकं तेव्हाच पिल्लाला घरात कोंडतात. रोगाची भीती खरी असते, म्हणून ताई डॉक्टरांना विचारून, लस झालेलीच पिल्लं घ्यायची आणि बाकीच्यांना सांगायची की कडेवर घेऊन फिरवा, जग तरी दाखवा. तिथे आलेल्या कोणाचाही त्या दिवशी धंदा झाला नाही. पण पिल्लू वर्षाचं होऊन चपला खायला लागलं की फोन तिलाच यायचा.

परदेशातही हे असंच घडलेलं दिसतं. इयन डनबार हे ब्रिटिश पशुवैद्य, १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात त्यांनी पिल्लांना पट्टा न बांधता एकत्र खेळवत शिकवण्याचे वर्ग रुजवले. तोवर कुत्रा सहा महिन्यांचा झाल्यावर त्याला साखळीने खेचून शिकवायची रीत होती. पिल्लं खेळतात म्हणजे मालक एकमेकांशी बोलतात, आणि मालक बोलले की गोष्ट पसरते. १९९३ मध्ये त्यांनी कुत्र्यांच्या ट्रेनर्सची संघटनाच काढली, म्हणजे ज्यांना आपण 'कॉम्पिटिटर' म्हणतो त्यांनाच एकत्र आणलं. आमच्या स्लाइडवर कॉम्पिटिटर लाल रंगात होते.

ताईने तेच नाशिकपुरतं केलं. दिवाळीआधी सोसायट्यांत जाऊन फटाक्यांच्या आवाजाची सवय कशी लावायची ते सांगते. त्या रात्री कुत्र्याला कुठे झोपवावं, टीव्ही किती मोठा लावावा, गच्चीचं दार का बंद हवं, सगळं. शाळांमध्ये मुलांना 'झाड व्हा' शिकवते: कुत्रा धावत आला तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, हात अंगाला लावून खाली बघत उभं राहायचं. आणि डॉक्टरांचं तर तुम्ही वर वाचलंच. दुखण्याची शंका आली की ती आधी त्यांच्याकडे पाठवते, स्वतःची फी बुडाली तरी. उलट डॉक्टर तिच्याकडे पाठवतात. गंगापूर रोडच्या बंगल्यांपर्यंत ती अशी पोचली, पत्रकं वाटून नाही.

माझी रूममेट हे सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे शेवटी जाहिरातच की. फक्त गोड." आक्षेप बरोबर आहे. आपल्याकडे कुत्र्यांना शिकवण्याचा धंदा सुरू करायला ना परवाना लागतो ना परीक्षा. कुणीही बोर्ड लावू शकतो. फुकट शिबिराच्या नावाखाली 'तुमचा कुत्रा आक्रमक होतोय' अशी भीती घालून पंधरा दिवसांचं पॅकेज गळ्यात मारणारे आहेतच, वर 'शंभर टक्के गॅरंटी'. (जिवंत प्राण्याची गॅरंटी! आमच्या लॅबमधल्या सीआरओचीसुद्धा कोणी देत नाही.) म्हणून मी एक साधी कसोटी लावते. फुकट भाषण ऐकून गेलेल्या माणसाने पुढे कधीच फोन केला नाही, तरी त्याच्या पदरात काही पडलं का? झाड व्हायला शिकलेल्या मुलाच्या पदरात पडलं. पॅकेजवाल्याकडून फक्त भीती घेऊन घरी गेलेल्याच्या नाही. पहिल्याला जाहिरात म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, मला चालेल.

मला खटकतं ते वेगळंच, आणि त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. ताई आमच्या हॉस्टेलवर एकूण सात वेळा आली. पहिली भेट तिने स्वतःहून मोफत दिली होती. उरलेल्या सहा भेटींची फी कोणी विचारलीच नाही. मीही नाही. आम्ही तिला चहा दिला, फोटो काढले, निरोपाच्या दिवशी ग्रीटिंग कार्ड दिलं. 'किती छान सोशल वर्क करता तुम्ही!' असं कार्डावर मी स्वतःच्या हाताने लिहिलंय. तिचा चेहरा तेव्हा क्षणभर कसा झाला होता, ते मला फार उशिरा कळलं. (तिनेही तेव्हा तोंड फिरवलं होतं. आम्ही काही शिकलो नव्हतो.) बंगल्यातल्या एका भेटीचे ती बाराशे रुपये घेते. त्यातूनच तिची स्कूटी, घरभाडं आणि ते रविवार चालतात. प्राण्यांवर प्रेम करणारं माणूस दिसलं की आपण त्याला परस्पर समाजसेवक ठरवून टाकतो आणि पाकीट आत ठेवतो. लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या दादाला आपण असं म्हणतो का?

चावणं टाळणारी माहिती सगळ्यांना फुकट मिळावी, याबद्दल दुमत नाही. पण आपल्या दारात येऊन, आपल्या कुत्र्यासाठी, आपल्या चुका निस्तरण्यात घालवलेला वेळ हा कामाचा वेळ आहे आणि त्याचे पैसे होतात. आपण ते बुडवत राहिलो तर ताईसारखी माणसं दोन-तीन वर्षांत कंटाळून बँकेच्या परीक्षा देतील आणि मैदान पॅकेजवाल्यांना मोकळं होईल.

पुढे ७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. शिक्षणसंस्था, हॉस्पिटलं, बस स्टँड, रेल्वे स्टेशनं यांच्या आवारातली भटकी कुत्री हलवायची, नसबंदी आणि लसीकरण करून शेल्टरमध्ये ठेवायची, परत त्याच जागी सोडायची नाहीत. २०२३ च्या नियमांप्रमाणे कुत्रा उचलला तरी आपल्या जागी परत सोडला जायचा, ते इथे बंद झालं. चावलेल्या ज्युनिअरच्या आईबाबांच्या जागी मी असते तर मलाही हायसं वाटलं असतं, हे मान्य करते. आमच्या खोलीत मात्र त्या रात्री कोणी जेवलं नाही.

शेल्टरची गाडी यायच्या आधीच भुऱ्याला घरी नेलं ते रात्रपाळीच्या काकांनी. हो, काठीवाल्याच. रीतसर, रेक्टर मॅडमना अर्ज देऊन, लसीचं कार्ड सोबत घेऊन. आडगावला दोन खोल्यांचं घर, घरात नातू तीन वर्षांचा. ताई तिथेही गेली. नातवाला आणि भुऱ्याला एकमेकांची ओळख करून द्यायला चार संध्याकाळी बसली. शेवटच्या दिवशी काकांनी घडी घातलेल्या दोनशेच्या दोन नोटा तिच्या हातात ठेवल्या. ती नको म्हणाली. काका म्हणाले, "ताई, मी ड्युटीचा पगार घेतो. तुम्ही पण घ्या." तिने घेतल्या. आमच्या हॉस्टेलमधून तिला मिळालेली ती पहिली फी.

तर मुद्दा असा. पुढच्या वर्षी नवीन बॅच आली की पहिल्याच आठवड्यात ताईचं एक तासाचं सत्र ठेवावं आणि त्याची पूर्ण फी द्यावी, असा अर्ज आम्ही रेक्टर मॅडमकडे दिला आहे. गेटच्या आत कुत्री नसली तरी गेटच्या बाहेर आहेत, आणि आपल्याला टपरीवर रोज जायचंच असतं. मागच्या सहा भेटींचे सात हजार दोनशे आम्ही वर्गणीतून जमवतोय, अजून एकोणीसशे कमी आहेत. ज्यांनी भुऱ्यासोबत फोटो काढलेत त्यांनी खोली नंबर १४ मध्ये येऊन जावं. मी नसले तर रूममेटकडे द्या. 'जाहिरातच की' म्हणणारीने सगळ्यात आधी पाचशे दिलेत.